फुले रंगवलेली पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. घोड्यावर चढण्यासाठी जी वापरतात ती. तीन फळ्या, दोन बाजू आणि मागे एक आडवा दांडा, एवढाच माझा पसारा. माणूस तीन पावले वर येतो, खोगिरावर बसतो आणि निघून जातो. आता माझी वरची फळी पोचट झाली आहे, खिळे गंजले आहेत. आठवण मात्र शाबूत आहे. मित्रांनो, म्हातारपणी कालचे आठवत नाही आणि फार मागचे लख्ख आठवते, तसे माझे झाले आहे.

मला एका सुताराने केले. त्याची मुलगी आमच्या पागेत घोडेस्वारी शिकायला येत असे. ती चणीने लहान, त्यामुळे रिकीब तिच्या छातीपर्यंत येई. रिकीब म्हणजे खोगिराला लटकणारी लोखंडी कडी. स्वार तिच्यात पाय ठेवतो. सुताराने दोन-तीन दिवस मुलीची धडपड पाहिली. मग एका गोदामाचे मोडीत निघालेले दार आणले आणि दोन दुपारी ठोकाठोक करून मला उभे केले. त्या दाराच्या कडीचे भोक माझ्या मधल्या फळीत अजून तसेच आहे. तिथे मुंग्या राहतात. पाय घसरू नये म्हणून त्याने वरच्या फळीवर जुन्या टायरचा तुकडा बसवला. “चढ आता राणीसारखी,” तो मुलीला म्हणाला. ती चढली, आणि तिने मागे वळूनही पाहिले नाही.

त्या पागेत मुलीच जास्त होत्या. एका सुट्टीत त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंवर पांढरी फुले रंगवली. पाच-पाच पाकळ्यांची, थोडी वाकडीतिकडी. एकाला तर चुकून सहा पाकळ्या झाल्या. माझे सर्वांत सुखाचे दिवस ते. शिकवणाऱ्या बाई माझ्यावर एक पाय टेकून उभ्या राहत आणि शिट्टी फुंकून सगळ्यांना ताळ्यावर आणत. त्यांच्या डाव्या बुटाची टाच झिजलेली होती. मी माणसे तळव्यांवरून ओळखते. चेहरे नंतर बघते.

मुलगेही यायचे. पण बारा-तेरा वर्षांचे झाले की एकेक जण येईनासा होई. शाळेत चिडवाचिडवी व्हायची, घरात एखादा काका म्हणायचा, पोरींमध्ये काय खेळतोस. मोठे झालेले जे चार पुरुष पागेत उरले होते, ते सगळे उड्या मारणारे. घोडा उंच अडथळ्यावरून उडवायचा, पडायचे, हाड मोडून घ्यायचे आणि प्लास्टर मिरवायचे, हे पुरुषाला शोभते असे सगळे धरून चालत. चालींची स्पर्धा मात्र बायकी समजली जाई. त्या स्पर्धेत घोड्याने तालात चालायचे असते, सांगितले की जागच्या जागी थांबायचे असते, आडवे सरकायचे असते, आणि स्वाराने हे सगळे कोणाला दिसणार नाही इतक्या हलक्या इशाऱ्याने करून घ्यायचे असते. उड्या मारणारे त्याला नाच म्हणत.

आणखी एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळत सगळे. पुरुषाने जमिनीवरून चढायचे. पायरी मुलींसाठी.

मित्रांनो, हा नियम करताना घोड्यांना कोणी विचारले नव्हते. जमिनीवरून चढायचे म्हणजे डावा पाय रिकिबीत अडकवून सगळे अंग वर खेचायचे. तो सारा भार घोड्याच्या पाठीच्या एकाच बाजूला येतो. रोज असे केले की खोगीर वाकडे होते आणि पाठ आखडते. घोडा बोलत नाही. तो फक्त खोगीर आणलेले दिसले की कान मागे पाडतो.

उड्या मारणाऱ्यांत एक जण होता, त्याला सगळे कॅप्टन म्हणत. सैन्यात तो कधीच नव्हता. मिशीमुळे नाव पडले होते. एका झेपेत घोड्यावर बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आता एक गोष्ट सांगते, जी मी वर्षानुवर्षे पोटात ठेवली. एकदा पडून कॅप्टनचा गुडघा दुखावला. तेव्हापासून सकाळी बाकी कोणी यायच्या आत तो मला ओढत वैरणीच्या खोलीमागे नेई, माझ्यावरून घोड्यावर बसे आणि जणू काही झालेच नाही असा ऐटीत अंगणात येई. मी तिथेच पडून राहत असे. मग बाई विचारत, “पायरी मागे कोणी नेली गं? वस्तू जागेवर ठेवायला काय होतं तुम्हाला?” आणि ओरडा मुली खात. मला तोंड असते तर मी तेव्हाच बोलले असते. पुढचे सगळे टळले असते, असे मला अजूनही वाटते.

एक दिवस पागेचे फाटक मोडले. ते सांधायला एक वेल्डर आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दारात मावणार नाही असा रुंद. बोटांवर जुन्या भाजण्याचे डाग. काम करता करता त्याने बाईंना करडीवर पाहिले. करडी ही बाईंची घोडी, राखाडी रंगाची आणि गोल पाठीची. बाई तिला रिंगणात आडवी चालवत होत्या. वेल्डरने डोळ्यांवरची काच वर केली आणि तो बघतच राहिला. हातातले काम थंड झाले. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला, या वेळी अवजारे न घेता.

“मला हे शिकायचंय,” तो म्हणाला.

“उड्या?” बाईंनी विचारले.

“नाही. हे. आडवं चालवायचं.”

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “लोक हसतील रे.”

“हसू देत. कारखान्यात तसंही कोणी हसत नाही.”

करडी त्याला मिळाली, पण एका अटीवर. बाईंकडे येण्याआधी दहा वर्षे तिच्यावर वेगवेगळे पुरुष जमिनीवरून चढले होते आणि तिची पाठ डाव्या बाजूने कायमची आखडली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले, “हिच्यावर पायरीवरूनच चढायचं. जमिनीवरून एकदाही नाही.” पोटाखालून जो पट्टा जातो त्याला तंग म्हणतात. करडीचा तंग एकदम आवळला तर ती कळवळे. म्हणून तो दोन टप्प्यांत आवळायचा: चढण्याआधी अर्धा आणि चार पावले चालल्यावर पुरता. माझ्यावरून अलगद बसले तर अर्ध्या तंगावरही खोगीर जागचे हलत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर अशा रीतीने भर दिवसा, सगळ्यांसमोर, माझ्यावर पाय ठेवणारा तो पहिला पुरुष. त्याचे बूट कामावरचेच होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. पण पाऊल टाकी इतके हलके, की माझ्या भोकातल्या मुंग्यासुद्धा धावल्या नाहीत.

“वेल्डरबुवा, जपून हं,” कॅप्टन ओरडला. “फुलं चुरगळतील!”

“वास घेऊन बघ, तुलाही आवडेल,” वेल्डर वरून म्हणाला. मुली खो खो हसल्या. कॅप्टन हसला नाही.

चार वर्षे तो रोज कामावर जाण्याआधी येत राहिला. चिडवणे थांबले नाही. स्पर्धेसाठी घोडीच्या आयाळीच्या छोट्या छोट्या वेण्या घालतात. त्या भाजलेल्या बोटांनी तो नऊ वेण्या अशा घाली की बाई मुलींना दाखवायला घेऊन येत. एकदा त्याच्या कारखान्यातले सोबती टेम्पोतून गंमत बघायला आले. “घोडीची झाली, आता स्वतःची कधी घालतोस?” एकाने विचारले. “आधी तुझ्या टकलावर हात बसवतो,” वेल्डर म्हणाला. ते हसले, त्यांच्याबरोबर तोही हसला. टेम्पो गेल्यावर मात्र तो बराच वेळ माझ्यावर बसून राहिला. हातातला कंगवा नुसताच उलटसुलट करत होता.

हसण्यावारी नेता येते ते बरे म्हणायचे. एका मुलीच्या आईने बाईंना बाजूला घेऊन विचारले, “हा एवढा बाप्या मुलींच्यात कशाला येतो हो?”

“घोडेस्वारी शिकायला येतो. तुमची मुलगी कशाला येते?” बाई फटकन बोलल्या.

पण वेल्डरने ते ऐकले होते. दुसऱ्या दिवसापासून तो एक तास लवकर येऊ लागला, मुली यायच्या आत जाऊ लागला. कोणी त्याला जा म्हटले नव्हते.

त्याला खरे दुखत होते ते वेगळेच. त्याचे वडील पोलिसांच्या घोडेस्वार तुकडीत होते. बावीस वर्षे घोड्यावर काढून निवृत्त झालेले. मुलगा चार वर्षे घोडीवर बसतो आहे आणि ते एकदाही पागेत फिरकले नव्हते. वेण्या घालता घालता तो करडीशी बोले. “बाबा म्हणतात, घोडं कामासाठी असतं, नटवायला नाही. त्यांनी एकदा येऊन बघायला हवं गं. एकदाच. तू आडवी चाललीस ना, की ते गप्प होतील.” करडी त्याच्या खिशात तोंड घालून गाजर शोधत राही.

त्या वर्षी चालींची मोठी स्पर्धा आमच्याच पागेत होती. अंगण झाडून लख्ख केले होते. मला ओल्या फडक्याने पुसून रिंगणाच्या तोंडाशी ठेवले होते. माझी फुले उन्हात चमकत होती आणि मी मनातून सुखावले होते. वेल्डरने काळा कोट घातला होता, तो खांद्यात घट्ट होत होता. त्याची पाळी जवळ आली तेव्हा कुंपणापाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. उंच, ताठ, जुने बूट आरशासारखे घासलेले. डाव्या पायावर भार न देता उभा होता. वेल्डरने त्याला पाहिले आणि कोट खाली ओढून सरळ केला. मी ओळखले, हे बाबा.

त्याने करडीचा तंग नेहमीप्रमाणे अर्धा आवळला. तिला माझ्याशेजारी आणून उभे केले. डावा पाय माझ्या पहिल्या फळीवर ठेवला.

कुंपणापाशी कॅप्टन म्हाताऱ्याच्या शेजारीच उभा होता; हे कोणाचे वडील आणि कुठल्या तुकडीतले, ते त्याने मघाशीच विचारून घेतले होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, “काय काका, तुमच्या तुकडीत असेच चढायचे का हो, फुलाफुलांवरून?”

आजूबाजूचे हसले. म्हाताऱ्याची मान आणखी ताठ झाली. मुलाकडे न बघता तो म्हणाला, “छे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.”

वेल्डरचा पाय अजून माझ्यावर होता. मी त्याचा भार ओळखत होते. मग तो भार निघून गेला.

त्याने करडीला चार पावले पुढे नेले, माझ्यापासून दूर, कुंपणासमोर, जिथून बाबांना नीट दिसेल तिथे. पलीकडच्या टोकाला पंचांशेजारी बसलेल्या बाई उभ्या राहिल्या. “अरे, पायरी! पायरी!” त्यांनी ओरडून शिट्टी फुंकली. त्याने डावा पाय रिकिबीत घातला आणि सगळे अंग वर खेचले.

तंग अर्धाच होता. ते तो विसरला. रोज ज्या हातांनी तो आवळत असे, त्याच हातांना विसर पडला. खोगीर त्याच्या भाराने एका बाजूला फिरले आणि तिच्या पोटाखाली गेले. दुखऱ्या पाठीला हिसका बसून करडी किंचाळली. मी घोड्याला तसे ओरडताना पूर्वी कधी ऐकले नव्हते. वेल्डर जमिनीवर आपटला. पायांत अडकणारे खोगीर झटकायला ती लाथा झाडत धावली आणि सरळ कुंपणावर गेली. तिचा मागचा पाय दोन दांड्यांच्या मध्ये अडकला. काडकन आवाज झाला. मला वाटले, दांडा मोडला.

डॉक्टर तिथेच होते. त्यांनी पाय पाहिला आणि मान हलवली. असा मोडलेला पाय घोड्याचा सांधत नाही; त्यांनी शेवटची सुई भरली. चार माणसांनी भोवती ताडपत्री धरली. वेल्डरने तिचे डोके मांडीवर घेतले होते, एवढेच मला फटीतून दिसले. मग ताडपत्री खाली आली. लोक टोप्या हातात घेऊन उभे होते. “ऊठ रे आता,” बाई म्हणाल्या, पण तो उठला नाही. करडीच्या आयाळीच्या नऊ वेण्या त्याने एकेक करून सोडवल्या, केस बोटांनी सरळ केले. मग काळा कोट काढून कुंपणावर ठेवला आणि निघून गेला. जाताना माझ्या अगदी जवळून गेला, पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर तो आला नाही. कोट बाईंनी घडी करून कपाटात ठेवला. मुली कुजबुजत, “त्याने असं कसं केलं? त्याला तर माहीत होतं.” वैरणीच्या खोलीमागे मात्र मला आठवडाभर कोणी नेले नाही. मग कॅप्टन पुन्हा नेऊ लागला. गुडघा तर दुखतच होता ना.

महिन्याभराने म्हातारे बाबा आले. एकटेच. बाई माझ्यावर बसून लगाम पुसत होत्या. ते समोर उभे राहिले आणि बराच वेळ फुलांकडे बघत होते.

“बाई, आमच्या तुकडीच्या पागेमागे दाण्याची एक रिकामी पेटी होती,” ते म्हणाले. “उलटी घातलेली. सकाळी लवकर जायचो मी. तिच्यावरून चढायचो. पाय लहानपणापासून अधू आहे माझा. भरतीच्या वेळी लपवला होता.”

बाईंनी पुसायचे फडके खाली ठेवले.

“बावीस वर्षं. आणि मी एकटाच नव्हतो. त्या पेटीची फळी मधोमध इतकी खोल झिजली होती, की ती एका माणसाच्या पायाने झिजणं शक्यच नव्हतं. सगळेच जायचे. पण कोणी कोणाला कधी दिसला नाही.”

“मग त्या दिवशी काय झालं होतं तुमच्या जिभेला?” बाईंचा आवाज फाटला.

“लोक होते ना,” म्हातारे म्हणाले.

“हे मला सांगून काय उपयोग? जाऊन त्याला सांगा.”

त्यांनी सांगितले की नाही, काय सांगितले, मला ठाऊक नाही. मी अंगणातच असते. पण पावसाळा सरल्यावर एका सकाळी टेम्पो आला. वेल्डर उतरला. त्याने माझ्यासाठी लोखंडी चौकट करून आणली होती. म्हातारे बाबा दुसऱ्या टोकाला धरून लंगडत होते, आणि या वेळी लंगडणे लपवत नव्हते. दोघे एकमेकांशी फक्त “धर”, “सोड”, “थोडं तुझ्याकडे” एवढेच बोलत होते. वेल्डरने अंगणाच्या मधोमध, फाटकातून आत येताच दिसेल अशा जागी चार खड्डे खणले. चौकट सिमेंटमध्ये पक्की केली आणि मला तिच्यात बसवून ठिणग्यांच्या पावसात लोखंडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडले. माझ्या फुलांना त्याने धक्का लावला नाही. उडालेला रंग तसाच राहू दिला.

आता मला ओढत कुठेही नेता येणार नव्हते. कॅप्टन लांबून बघत होता.

काम संपल्यावर वेल्डर अवजारे आवरायला गेला. बाबा माझ्यापाशी राहिले. त्यांनी अधू पाय आधी ठेवला, मग दुसरा. एक फळी, दुसरी फळी, तिसरी. वर जाऊन उभे राहिले. शेजारी घोडा नव्हता. त्यांनी हात पुढे केला आणि करडीची पाठ जेवढ्या उंचीवर असायची तिथे, हवेत, तो थोडा वेळ तसाच ठेवला. टेम्पोपाशी वेल्डर थांबून बघत होता. मग तो पाठमोरा झाला आणि त्याने वायर गुंडाळायला घेतली.

वेल्डर पुन्हा कधी घोड्यावर बसला नाही. बाई गेल्या. म्हातारेही गेले असतील, कारण वर्षातून एकदा माझ्या पट्ट्यांना रंग द्यायला वेल्डर येतो तेव्हा एकटाच असतो. त्याचे पाऊल आता जड झाले आहे.

मित्रांनो, एवढे होऊन पागेत सगळे सुधारले असे मला सांगता आले असते तर किती बरे झाले असते. काही पुरुष माझ्यावरून चढतात, आणि त्यांच्या घोड्यांचे कान ताठ असतात. काही अजून मला वळसा घालून जातात. आणि परवा मुली बोलत होत्या, की वैरणीच्या खोलीमागे दाण्याची एक पेटी कोणीतरी उलटी घालून ठेवली आहे. तिची फळी मधोमध झिजायला लागली आहे.

तुम्ही कधी या पागेत आलात आणि त्या पेटीपाशी तुम्हाला कोणी दिसले, तर हसू नका. त्याला आणि त्याच्या घोड्याला इकडे अंगणात घेऊन या. माझी वरची फळी पोचट झाली आहे, तेवढी बदलून घ्या. टायरचा तुकडा मात्र चांगला आहे, तो राहू द्या.